दाराबाहेरचा सत्कार

माणसाच्या शरीराची मला किळस येत नाही. म्हैसूरच्या विजयनगरात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे; सुजलेले गुडघे, घामट पाठी, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, हे माझं रोजचं काम. मिरजेहून लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हेच करते आहे. मला किळस येते ती सत्कारांची. शाल, नारळ, डोक्यावर म्हैसुरी पेटा, आणि ज्याने आयुष्यभर आडकाठी केली त्यानेच माइक हातात घेऊन घातलेले गहिवर. सहनाचा सत्कार मी पुढच्या रांगेत बसून पाहिला, आणि त्या दिवशी घशाशी जे आलं ते अजून खाली उतरलेलं नाही.

सहना माझ्याकडे आली ती उजवा गुडघा घेऊन. कझाकस्तानात एका स्पर्धेत समोरच्या मुलीने पट काढला, पाय मॅटमध्ये रुतला आणि वरचं शरीर फिरलं. ऑपरेशन झालं, पण कुस्ती संपली. तोवर ती भारतासाठी फ्रीस्टाइल खेळली होती, आशियाई स्पर्धेत कांस्य घेऊन आली होती. गुडघा गेल्यावर राष्ट्रीय शिबिरातून तिला एक फोनसुद्धा आला नाही. मी चिडायचे. ती पाय ताणत म्हणायची, "सुम्ने गप बसा ओ मृदुलाअक्का. तुम्हीच जास्त ओरडताय, गुडघा माझा आहे."

तिचे वडील गुंडूराव देवराज मोहल्ल्यात शिंपीकाम करतात. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं विठ्ठलभक्त घर. बोलणं मराठी, पण दर तिसरा शब्द कन्नड. गुंडूराव स्वभावाने इतके गरीब की गिऱ्हाइकाने चुकीचं माप दिलं तरी माफी हेच मागणार. "जना एन अंतारे," लोक काय म्हणतील, हा त्यांचा जप. सहनाचे आजोबा वेंकोजीराव मात्र नावाजलेले पैलवान. दुकानामागच्या बोळात जी गरडी आहे, म्हणजे आपल्याकडची तालीम, तिथे त्यांनी जन्म काढला. लहानपणी सहना त्यांच्यासाठी ताकाचा तांब्या घेऊन जायची आणि उंबऱ्याशी थांबायची. गरडीत बाईमाणसाला प्रवेश नाही. लाल माती, भिंतीतला हनुमंत, तेल-हळदीचा वास, सगळं तिने दारातूनच पाहिलं. डावसुद्धा दारातूनच शिकली आणि घरी गादीवर चुलतभावांना आपटत राहिली. शेवटी शाळेतल्या नरसिंहमूर्ती मास्तरांनी तिला नजरबादजवळच्या एका हॉलमध्ये मॅटवर उभं केलं.

पहिल्या राज्यस्पर्धेची गोष्ट ती हसत हसत सांगते. मला हसू येत नाही. कुस्तीचा पोशाख अंगाला घट्ट, बिनबाह्यांचा, मांडीपर्यंतचा. त्यांच्या शिंपी समाजात कुजबुज सुरू झाली तसे गुंडूराव घाबरले. त्यांनी एक रात्र मशीनवर बसून त्या पोशाखाला कोपरापर्यंत बाह्या जोडल्या आणि खाली गुडघ्यापर्यंत कापड लावलं. रंग जुळवून, शिवण दिसणार नाही अशी सफाई. पंचांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, हे चालणार नाही, काढा नाहीतर बाद. दुसरा पोशाख नव्हता. नरसिंहमूर्ती मास्तरांनी चहाच्या टपरीवरून कात्री आणली, आणि शेकडो लोकांच्या देखत एक पुरुष त्या मुलीच्या अंगावरचं कापड कापत बसला. मर्यादा राखण्यासाठी शिवलेलं कापड! त्यापेक्षा अमर्यादा काय असते, ते मला कुणी सांगावं. त्या दिवशी ती हरली.

पुढे ती उत्तरेत शिबिराला गेली. वजन उतरवायला प्लास्टिकचं जाकीट घालून धावणं, दोन दिवस पाण्याचा घोट नाही, वजनाच्या आदल्या संध्याकाळी मुली ओळीने बसून बाटल्यांमध्ये थुंकतायत, तेवढंच वजन कमी म्हणून. हे सगळं मी निवांत ऐकलं. शरीराचं शरीर जाणे. पण समाजाच्या ज्या बायांनी तिच्या आईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं, त्याच तिच्या पदकानंतर विमानतळावर ओवाळायला पहिल्या उभ्या होत्या हे ऐकलं, आणि मला चहा खाली ठेवावा लागला.

गुडघा चालता झाला तशी तिने चार मुली शिकवायला घेतल्या. विठ्ठल मंदिराच्या मंगल कार्यालयात मॅट अंथरायची, लग्न असलं की गुंडाळायची. काही महिने चाललं. मग कार्यालयाच्या मंडळींना देवळाच्या आवारात मुलींच्या उघड्या पिंढऱ्या खुपायला लागल्या आणि मॅट बाहेर आली. आता तिला एकच जागा दिसत होती. गरडीच्या मागे पत्र्याची एक शेड आहे, मोडके मुद्गल आणि घुशी यांच्याशिवाय तिथे कुणी नसतं. तेवढी सकाळची वेळ मिळाली तर मुली टिकणार होत्या. चौघींपैकी दोघींच्या आईबापांनी आधीच कुरकूर सुरू केली होती. अडचण इतकीच की शेडला वाट गरडीतूनच आहे. गरडीचे अध्यक्ष जगन्नाथराव म्हणाले, "दसऱ्याआधी तुझा सत्कार करतो आहोत. उत्तर तिथेच देतो, सगळ्यांसमोर." सहना क्लिनिकात नाचायचीच बाकी होती. "सगळ्यांसमोर नाही कसं म्हणतील, अक्का? आयतु, झालंच काम, शेड आपली!"

सत्काराच्या रविवारी गेले तर बोळाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स. चेहरा सहनाचा, खाली धड भलत्याच बाईचं. जरीची साडी, हातभर बांगड्या, आणि गळ्यात पदक चिकटवलेलं. कुस्तीच्या पोशाखातला फोटो बरा दिसत नाही म्हणून कुणा दुसरीच्या अंगावर हिचं डोकं बसवलं होतं. बकरा कापल्यावर खाटीक निदान डोकं वेगळं मांडतो. गुंडूराव त्याखाली नवा सदरा घालून उभे होते. "छान दिसतेय, अल्ला, हो की नाही?" त्यांनी मला विचारलं. त्यांच्या डोळ्यांतला आनंद खरा होता, म्हणून मी तोंड मिटलं.

मंच गरडीच्या दाराबाहेर, रस्त्यावर. जगन्नाथरावांनी भाषणात नारीशक्ती काढली, जिजाऊ काढल्या, वेंकोजीरावांची आठवण काढून डोळे पुसले. "ही आमच्या गरडीची लेक!" म्हणाले. टाळ्या. मग आतून एकाने चांदीच्या ताटात आखाड्यातली लाल माती आणली. लेकीला आत जाता येत नाही, म्हणून माती बाहेर आली. सहनाने चिमूट उचलून कपाळाला लावली, ताटातल्या मातीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. ती माती तिने आयुष्यात पहिल्यांदा हाताला लावली होती. एवढा एक क्षण सोडला तर त्या सबंध समारंभात खरं असं काही नव्हतं.

मग तिने माइक घेतला. "मला शाल-बील बेडा, नको काका. मागची शेड द्या. सकाळी एक तास. मुली खाली मान घालून कडेकडेने जातील, मातीला पाय लावणार नाहीत."

जगन्नाथराव हसले. ते गोड, तुपकट हसू मला अजून स्वप्नात दिसतं. "हनुमंताची जागा आहे पोरी. तुझ्या आजोबांनी जो नियम पाळला, तो आम्ही मोडायचा होय? मुलींनी इथे बाहेर कट्ट्यावर बसावं, मुलांची कुस्ती बघावी, शिकावं. बेडा अंत, नको असं, कोण म्हणतं?"

पुन्हा टाळ्या. बायकांनीही वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाई तर म्हणाल्या, "किती मोठं मन!" मी उठून त्यांच्यापासून दोन खुर्च्या लांब जाऊन बसले. सहनाने माइक जागेवर ठेवला, शाल घेतली, नमस्कार केला. शिकलेलीच होती ती, हरल्यावरही हात मिळवायला.

लोक उप्पिट्टू आणि केसरीभाताच्या नाश्त्याकडे वळले. सहना आणि मी मंचामागे, गरडीच्या दाराला लागून उभ्या होतो. मातीचं ताट आत न्यायला एक जण निघाला, तेव्हा जगन्नाथरावांनी त्याला थांबवलं. आवाज खाली, पण आम्हाला शब्द न्‌ शब्द ऐकू आला. "ती परत आखाड्यात घालू नको. तिचा हात लागलाय." आणि मग इकडेतिकडे बघून, "गुंडू, तू टाक रे बाहेर. घरचाच माणूस तू."

मला वाटलं आता हा माणूस ताट आपटेल. निदान "नाही" म्हणेल. निदान तिथेच घुटमळेल. गुंडूरावांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं, अदबीने, प्रसाद घेतात तसं. रस्त्याकडेच्या गटारापाशी गेले आणि ताट तिरकं केलं. माती चिकटली होती; त्यांनी ती बोटांनी खरवडून, अगदी स्वच्छ निपटून, खाली टाकली. वळले तर समोर सहना.

मी तिचा दंड धरला होता. तो दगडासारखा झाला होता. सहनाने गुंडूरावांच्या हातातलं रिकामं ताट काढून घेतलं. त्यांच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "हात धुऊन मग आत जा हं. नाहीतर ते तुम्हालाही घेणार नाहीत."

आणि गुंडूराव खरोखरच नळाकडे वळले.