भंडारदऱ्याची वाट आणि सीट कव्हरखाली गाडलेले खटके

धडक झाली तर विमानात बसलेला माणूस कसा वाचेल, हे आसनांच्या चाचण्या घेऊन तपासणे, हे माझे काम. संगमनेरच्या काकांना मात्र मी हवाई सुंदरीच वाटते. त्यांनी नवी गाडी घेतली, भंडारदऱ्याचे आमंत्रण दिले आणि मी पुण्याहून निघाले.

संगमनेरहून सकाळी लवकर निघावे. सुटीच्या दिवशी राजूरच्या पुढे गाड्यांच्या रांगा लागतात. काका गाडी चालवत होते. शेजारी वहिनी, म्हणजे काकांची सून, तिच्या मांडीवर तीन वर्षांची चिऊ. मागे काकू आणि मी. मी पट्टा ओढला, पण तो अडकवायचा खटका सापडेना. काकांनी हौसेने शिवून घेतलेल्या कव्हरांखाली मागचे सगळे खटके गाडले गेले होते! पुढचे दोन पट्टे लावलेले होते, पण बसलेल्यांच्या पाठीमागून. गाडीने पीं-पीं करू नये म्हणून.

"काका, चिऊला मागे द्या ना," मी पुटपुटले.

"ऱ्हाऊ दे पुढं. आईच्या मांडीवानी जागा हाय का कुठं?"

उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी मी. पट्टा हातातच धरून बसले.

राजूरला पेढे अवश्य घ्या. आम्हीही घेतले. पुढच्याच वळणावर गुरे आडवी आली आणि काकांनी करकचून ब्रेक दाबला. वहिनीच्या हातातला पुडा सुटून काचेवर आदळला. चिऊचे कपाळ डॅशबोर्डपासून वीतभर अलीकडे थांबले.

"पेढे गेले की!" काका हसले. सगळे हसले.

मी दार उघडून खाली उतरले. "चिऊ मागे येऊन पट्टा लावेपर्यंत मी बसणार नाही."

"विमानवाली लई चिडली की गं!"

"चिडलेच आहे! पुढची एअरबॅग उघडली तर आधी चिऊला लागेल. धडकेत आईचे हातसुद्धा टिकत नाहीत. माझं काम हेच आहे, काका. आणि त्या हवाई सुंदऱ्याही चहा वाटायला नसतात, जळत्या विमानातून माणसं बाहेर काढायला असतात."

काकूंनी पर्समधून कात्री काढली.

"अगं, नवं कव्हर हाय ते!"

"कव्हर नवं, आन् नात जुनी व्हय?" म्हणत त्यांनी कव्हराला चिरा पाडून खटके वर काढले.

रंधा धबधबा, धरणाचे निळे पाणी, चुलीवरची भाकरी आणि पिठले, सारे उत्तम होते. पण लहान मूल नेणार असाल तर आधी त्याच्या मापाची वेगळी बैठक गाडीत बसवा. आम्ही मोठ्यांच्या पट्ट्यावर निभावले. ते पुरेसे नव्हे.

परतल्यावर काकूंनी त्या चिरांना कोटाला घालतात तशी नेटकी काजे घातली. दुसऱ्या सकाळी काका मला स्टँडवर सोडायला निघाले, तर त्यांचा स्वतःचा पट्टा पुन्हा पाठीमागून! मी दार धरून अंगणातच उभी राहिले.

"बस जाईल की तुझी!"

"जाऊ दे."

पहिली बस गेली. दुसरी मिळाली. स्टँडपर्यंत काका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पट्टा मात्र छातीवरून होता.