तुरटी फिरवलेली बादली

कोळशाची खाण जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे आहे, पण तिच्याजवळून निघालेला नाला वाहतो आमच्या बाजूला. त्या नाल्याचं आणि काठच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेणं, ही माझी नोकरी. आसगावच्या घरून सकाळी निघायचं, पवनी शहर ओलांडायचं आणि दुपारपर्यंत विहिरींत डोकावत हिंडायचं. आई लोकांना सांगते, "पोरगा पाण्याचं काम करते." अर्ध्यांना वाटतं मी गोसीखुर्दच्या धरणावर मासे पकडतो.

नाल्याकाठच्या एका गावात एक मावशी एकटीच राहते. अंगणातली विहीर तिच्या नवऱ्याने स्वतः खोदलेली. नवरा गेला, विहीर राहिली. पहिल्यांदा गेलो तेव्हाच तिने विचारलं होतं, "माह्या विहिरीले नापास त नाही ना करशीन, बाबू?" मी नुसता हसलो होतो.

गेल्या मे महिन्यात तिच्या अंगणात पोचलो तेव्हा उन्हाने माझं डोकं फिरलं होतं. मावशीने सावलीत भरलेली बादली ठेवली होती. म्हणाली, "दोर ओढू नोको. मी काढून ठेवलं हाये."

नियम साधा आहे. पाणी विहिरीतूनच घ्यायचं आणि आपल्या हाताने काढायचं. नियम मला तोंडपाठ होता, पण बादली समोर होती. बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळली, भरली, चिठ्ठी चिकटवली, चहा प्यालो आणि निघालो. विहीर तळाला गेलेली असताना पाणी इतकं निवळ कसं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

अहवालात सल्फेट भरमसाट निघालं. खाणीचं पाणी मुरलं की विहिरीत तेच वाढतं, त्यामुळे सगळ्यांनी खाणीकडे बोट दाखवलं. ग्रामपंचायतीने विहिरीच्या ओट्यावर लाल रंगात लिहून टाकलं, 'हे पाणी पिऊ नये'.

पुन्हा नमुना घ्यायला गेलो तेव्हा मावशी गावाच्या टोकावरच्या हातपंपाहून पाणी घेऊन येत होती. चार पावलं चालायची, गुडघा धरून थांबायची. मला बघून रागावली नाही. तेच जास्त लागलं.

"काय चुकलं, बाबू? मी त तुरटीही फिरवली होती."

"कशात?"

"तुह्या बादलीत. दोनदा. तुले गढूळ पाणी कसं देऊ?"

मी ओट्यावरच बसलो. तुरटीतच सल्फेट असतं. पाहुण्याला द्यायचं पाणी तुरटी फिरवून निवळावं, हे माझी आईसुद्धा करते. मावशीने मला पाहुणा मानलं आणि माझ्या आळसाने तिची विहीर बदनाम केली. मला रडू आलं. मावशीला वाटलं ऊन लागलं, ती पदराने वारा घालू लागली.

मग दोर सोडून मी स्वतः पाणी काढलं. ते गढूळच होतं. मावशीला बाटलीकडे बघवेना.

"असंच नेशीन?"

"असंच न्या लागते, मावशी."

कार्यालयात मी चूक माझी म्हणून लिहून दिलं. साहेब जे बोलायचं ते बोलले. नव्या अहवालात गाळ सोडला तर पाण्यात दोष नव्हता.

पंचायतीला ओटा पुसायला सवड होईना, म्हणून रविवारी थिनर आणि फडका घेऊन मीच गेलो. तासभर घासलं. अक्षरं गेली, लाली थोडी राहिली. मावशीने इतके दिवस विहिरीतून पाणी काढलं नव्हतं. तिने दोर सोडला, बादली वर काढली आणि घरातून तुरटीचा खडा घेऊन आली. हात पाण्याजवळ नेला आणि तसाच थांबवून माझ्याकडे बघितलं.

"फिरवू का, बाबू?"

"फिरव, मावशी. आज बाटली नाही आणली."

पाणी निवळेपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो.