नऊ जणांची शपथ आणि खिळ्यावरचा पेला

मारोतराव गेल्याचं मला अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर कळलं. मुलीकडून अकोल्याला परतत होतो. कंडक्टर आमचाच जुना विद्यार्थी, त्याने सांगितलं. तोवर सगळं उरकलंही होतं. महिना झाला, पण दुःखापेक्षा रागच जास्त येतो... लोकांचा, आणि माझाही.

आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर. मारोतराव नागरिकशास्त्र शिकवायचे. युरोपातल्या सहा देशांनी मिळून नेमलेल्या आयोगाचं त्यांना भारी वेड. मोठ्या तीन देशांचे दोन-दोन, धाकट्या तिघांचा एकेक, असे नऊ सभासद. कोणाकडे शेती, कोणाकडे वाहतूक, पण निर्णय सगळ्यांचा मिळून; आणि आपल्या देशाच्या सरकारचा हुकूम मानणार नाही, अशी प्रत्येकाची शपथ. "कालपरवा एकमेकाइवर बाँब टाकत होते अण्णाजी, अन् आता एका टेबलावर बसून राहिले. आपल्याले काय धाड भरली?" असं म्हणत त्यांनी सहा मोहल्ल्यांच्या वाचनालयाची समिती अगदी तशीच बांधली. नऊ जण, त्यांत मीही; आणि तीच शपथ, फक्त देशाऐवजी मोहल्ला. मारोतरावांनी बुद्धधम्माची दीक्षा घेतलेली. त्यांच्या लहानशा मोहल्ल्याचे ते एकटेच सभासद.

पहिल्या सभेत ठरलं, पाण्याचा रांजण एक आणि पेलाही एकच. नऊ हात वर झाले. मग आठवडाभर घरोघरी आमची कानउघाडणी झाली, आणि पुढच्या सभेत जो तो "आमच्या मोहल्ल्याचं म्हणणं..." असं सुरू करू लागला. मारोतरावांच्या लोकांसाठी वेगळा पेला खिळ्याला टांगायचा ठराव आला. आठ हात वर झाले. त्यांत एक माझा.

"अण्णाजी, तुमी काहून?" एवढंच ते म्हणाले. मी हात तसाच वर ठेवला. लाज वाटते लिहायला, पण लिहितो.

पुढे कित्येक वर्षं ते अकोल्याच्या उन्हात चालत यायचे, पेपर वाचायचे आणि कोरड्या घशाने परत जायचे. आणि परवा वाचनालयातल्या शोकसभेत त्याच सभासदांनी त्यांना समतेचे पुजारी म्हटलं! माझं डोकंच फिरलं. जिवंतपणी घोटभर पाणी दिलं नाही, आता कसले हार घालता? भर सभेत उठून मी खिळ्यावरचा पेला काढला. शिपाई धावत आला. "मास्तर, तो तुमचा नाई!"

पेल्यात बोटभर धूळ होती. मारोतरावांनी त्याला कधी हातच लावला नव्हता. मी तो घासला, त्यातून पाणी प्यायलो आणि रांजणावर दुसऱ्या पेल्याशेजारी ठेवून दिला.

काल गेलो, तर तो परत खिळ्याला टांगलेला. मी पुन्हा काढला. आता रोज जाणार आहे.