वर केलेला हात

बुटीबोरीच्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसतो. बसतो म्हणजे, आधी डावा गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतो, मग उरलेला माणूस आत येतो. चाळिशी उलटली, पण उमरेडकडच्या त्याच्या गावाच्या कबड्डी संघात तो अजून खेळतो. पाळी संपली की सराव, रविवारी सामना.

"सोडून काहून नाही देत गा?" मी एकदा विचारलं.

"मी सोडीन. गाव सोडते का मले?"

परवाच्या रविवारी हुडकेश्वरला सामना होता, म्हणून मी बघायला गेलो. शेवटाकडे समोरचा गडी चढाई करून परत गेला. त्याचा हात कुणाला लागलेला पंचांना दिसला नव्हता. यानं मात्र आपणहून हात वर केला आणि बाद झालो म्हणत बाहेर जाऊन बसला. त्या एका गुणानं गाव हरलं. तरी त्याच्या इमानदारीला लोकांनी टाळ्या वाजवल्या, आयोजकांनी हार घातला.

सोमवारी बसमध्ये मीही कौतुक केलं. तो गुडघा चोळत होता.

"त्या गड्यानं मले हातच नव्हता लावला," तो म्हणाला. "मले फक्त बसाचं होतं."