पत्ते न बघणारे दाजी

परमेश्वराने जगातली सगळी बेफिकिरी एकाच माणसाच्या पदरात ओतली आणि तो माणूस नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणून तिच्यासारखंच मीही त्यांना दाजी म्हणतो. कोल्हापूरकडचे, इथे बहारीनला तुबलीतल्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. मी बँकेत ऑडिट करतो, म्हणजे खात्री करून घ्यायचाच पगार घेतो. झिंजमधला फ्लॅट घेण्याआधी मी अकरा फ्लॅट पाहिले, नळ सोडून पाहिले, आणि शेवटी माझ्या बाल्कनीसमोर आले शेजारच्या बिल्डिंगचे एसी. दाजींनी फ्लॅट न बघताच सही ठोकली आणि त्यांच्या खिडकीतून हिवाळ्यात खाडीतले फ्लेमिंगो दिसतात! हॉटेलात मी मेन्यू पाठ करून बेचव काहीतरी मागवतो. हे म्हणणार, "भाई, जो गरम है वो ला, यल्ला," आणि यांच्यापुढे असं काही वाफाळतं ताट येणार, की आमची ही माझ्या ताटाकडे दयेने बघणार. जळफळाट होतो हो माणसाचा.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की आमच्याकडे पत्ते. पैसे लावायला या देशात बंदी आणि आमच्या घरात त्याहून कडक बंदी, म्हणून नुसत्या प्लॅस्टिकच्या चकत्या. ज्याच्या चकत्या आधी संपतील त्याने पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसाठी हमूर मासा आणून साफ करायचा. आधी तीन पत्ती चाले. मग माझा ऑफिसातला गोवेकर मित्र, जो सुट्टीत तिकडच्या कॅसिनोत पोकरच्या टेबलावर बसून आलेला, त्याने आम्हाला पोकर शिकवलं. दोन पत्ते हातात, पाच हळूहळू टेबलावर. त्यात 'स्ट्रॅडल' म्हणून एक प्रकार आहे, पत्ते वाटायच्या आधीच आपण होऊन डाव दुप्पट करायचा. हे ऐकून दाजींचा चेहरा असा उजळला, की हा खेळ खास त्यांच्यासाठीच काढला असावा. त्या दिवसापासून पाळी आली की स्ट्रॅडल, आणि पत्ते आले की ते पालथेच ठेवून वर आणखी वाढवायचं.

फक्त एक घोळ होता. तीन पत्तीत न बघता खेळणाऱ्याला निम्मंच लावावं लागतं. ती सवलत पोकरमध्ये नाही, हे दाजींना काही केल्या पटेना. "म्या बघितलं न्हाई, तरी बघणाऱ्याएवढंच लावायचं? ह्यो कुठला न्याय?" गोवेकर म्हणाला, "दाजी, असा नियम जगात कुठल्याच कॅसिनोत नाही." "मग जगाचं चुकतंय!" दोन शुक्रवार वाद चालला. शेवटी आतून चहा घेऊन आलेली आमची ही म्हणाली, "द्या की दाजींना सवलत, काय मेलं जातंय तुमचं?" झालं! जगातल्या कुठल्याच टेबलावर नसलेला नियम माझ्या टेबलावर, माझ्याच बायकोने लागू केला. मी एकदा बिर्याणीत मीठ कमी आहे म्हटलं होतं, तर चार दिवस अबोला.

मला गोवेकराने कानात उपाय सांगितला. अशा माणसाच्या डाव्या हाताला बसायचं, म्हणजे तो आपल्याआधी खेळतो. फालतू पत्ते टाकत राहायचं, आणि चांगले आले की धरायचा. चार महिने मी दाजींच्या डावीकडे बसलो. एका शुक्रवारी मला दोन राजे आले. दाजींनी न बघता स्ट्रॅडल केलं होतंच. मी वाढवलं. त्यांनी न बघता सगळ्याच चकत्या पुढे सरकवल्या. वाट बघितली होती ती हीच! आणि मी हिशेब मांडायला लागलो. समजा पालथे दोन एक्के असले तर? शक्यता नगण्य, पण ऑडिटवाल्याला नगण्य म्हणजे शून्य नव्हे. मी पॅक केलं. दाजींनी पत्ते उलटले, दुर्री आणि सत्ती. मुलगी ओरडली, "पप्पा, यू हॅड किंग्ज!" दाजी मात्र हसले नाहीत. उलट म्हणाले, "जाऊ द्या, पुढल्या खेपेला." याचा तर आणखीच राग आला.

त्याच दुपारी मिरजेहून फोन आला. सासरे न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यांना मुलगा नाही, या दोघीच मुली. कुणीतरी जाऊन वर्षभर तरी राहायला हवं होतं. हिने माझ्याकडे बघितलं. मी कागद घेतला. लीव्ह किती शिल्लक, मुलीची दहावी, कर्जाचे हप्ते, सहा महिने बाहेर राहिलं तर व्हिसाचं काय. मी रकाने आखत असतानाच दाजी म्हणाले, "म्या जातो. खलास." हिच्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, शाळेतली नोकरी वर्षअखेरपर्यंत सोडता येत नव्हती, म्हणून ते एकटेच निघणार होते. "आणि तुमची नोकरी?" मी विचारलं. "मिळंल की परत, इंशाल्ला." ही रडत उठली आणि त्यांच्या पाया पडली. सोळा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे त्या नजरेने एकदाही बघितलेलं नाही. हातातला कागद कुठे ठेवावा ते मला कळेना.

रविवारी ऑफिस उघडताच त्यांनी राजीनामा दिला. नोटिशीचा महिना संपल्यावर सकाळच्या विमानाला सोडायला मीच गेलो. बायका आत ट्रॉली शोधत होत्या. दाजी दाराशी बॅगेवर बसले होते, आणि एकदम म्हणाले, "साडू, लई भ्या वाटतंय बघा."

"तुम्हाला?"

"मग? म्हातारा माणूस सांभाळायचा, हातात नोकरी न्हाई. पत्तं बघितलं की डाव टाकून पळावं वाटतंय, म्हणून तर बघतच न्हाई. तुमचं बरं हाय. सगळं बघूनबी बसून राहता. छाती लागती त्याला."

भीती मलाही तेवढीच वाटते, पण ती मी हिलासुद्धा कधी सांगितली नाही. या माणसाने ती भर दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर सांगून टाकली. खोटं कशाला बोलू, मला त्याचाही हेवा वाटला. 'दाजी, मी जायला हवं होतं,' एवढंच म्हणायचं होतं मला. ते उठले, बॅग उचलली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी म्हणालो, "पासपोर्ट घेतलात ना? एकदा बघून घ्या."