मेथी निवडायची कुणी?

सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या गल्लीत सगळ्यात धडधाकट कोण असेल, तर ती कोपऱ्यावरची तांबडी गाय. पाठ कशी तुकतुकीत, पोट कसं टम्म! असणारच. आमच्या घरातली मेथी, पालक, शेपू, सगळं तिच्याच तोंडी गेलं. आणि माझी धाकटी जाऊ गायत्री, सात महिन्यांची पोटुशी, पांढरीफटक. बोला आता!

मी पुष्पा, या घरची थोरली सून. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. डोकं तापलंय माझं.

गायत्री पारोळ्याकडची. माहेरी शेताच्या बांधावरची कोवळी भाजी खुडून तशीच तोंडात टाकणारी पोर. लग्न होऊन सुरतेला आली आणि आठवडाभरात तिच्या मांडीवर साडी आली. साडीला चमकीच्या टिक्या चिकटवायच्या. पर्वत पाटियाच्या कापडबाजारातून माणूस सकाळी गठ्ठा टाकून जातो आणि संध्याकाळी न्यायला येतो. झाल्या नाहीत, तर उद्याचा गठ्ठा दुसऱ्याच्या दारात. पाच वर्षं झाली, मान वाकलेली ती वाकलेलीच. तक्रार म्हणून नाही. भिंतीला धरून उभी राहिली आणि विचारलं, तर म्हणायची, "काही नाही आक्का, जरा डोळ्यांपुढे अंधारी आली."

सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. अकरा हवं, सात भरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. रोज ताटात हिरवी भाजी हवी, वर लिंबू पिळायचं, पेरू, संत्रं, जे मिळेल ते फळ खायचं. रक्त वाढलं नाही, तर बाळंतपणात जिवावर बेतेल. जिवावर! असं तोंडावर सांगितलं बाईंनी. तिचा नवरा लखन, माझा दीर, शेजारी उभा राहून नंदीबैलासारखी मान हलवत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने भाजी आणायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू? आणत होता. सचिन भागातल्या मिलमधून येताना भाजीच्या लारीवरून दोन-दोन जुड्या घ्यायच्या, पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवायची, "आणली गं भाजी" म्हणायचं आणि मोबाईल घेऊन आडवं व्हायचं. झालं! संपली जबाबदारी!

अरे, मेथीची जुडी म्हणजे काय बटाटा आहे? मुळं तोडा, देठं काढा, पिवळी पानं बाजूला करा, तीन पाण्यांतून माती काढा. एका जुडीला तास जातो. गायत्रीकडे तास कुठला? ती दोन बटाटे चिरायची, फोडणीत टाकायची आणि पुन्हा साडीवर बसायची. मी सकाळी नऊला कारखान्यात साड्यांच्या धागा कटिंगला जाते ती सातला येते. आल्यावर भाकऱ्या. पिशवीकडे माझंही लक्ष गेलं नाही. माझाही दोष आहेच. त्यावर येते.

तिसऱ्या दिवशी भाजी पिवळी पडायची. टाकली तर पाप. मग लखन ती गायीला घालायचा आणि तिच्या पाठीला हात लावून कपाळाला लावायचा. बायको उपाशी, आणि पुण्य पण यालाच! एकदा पेरू आणले, तर शेजारची सुंदरा दारातून विचारते, "कोण आजारी आहे गं?" आमच्याकडे फळ म्हणजे दवाखान्यात न्यायची वस्तू. गायत्रीने लाजून पेरू शेजारच्या पोरांना वाटून टाकले.

गेल्या बुधवारी ती साड्यांवरच कोसळली. रिक्षात घालून नेली. रक्त सहावर आलेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "खाता काय तुम्ही?" तिने तोंड उघडायच्या आत लखन मोठ्याने म्हणाला, "मी रोज भाजी आणतो मॅडम, हीच खात नाही."

गायत्रीने मान खाली घातली. तिथे माझं टाळकं सटकलं.

"आणतोस रे मुडद्या, पण निवडतो कोण? तुझा बाप?"

म्हणजे माझा सासरा. तेही भान राहिलं नाही. डॉक्टरबाईंचा पेन थांबला. लखन दहा वर्षांचा असताना मी या घरात आले, त्याचं नाक पुसलंय मी.

दोन दिवस ठेवून घेऊन तिला घरी सोडलं. रविवारी लखनला सुट्टी. सकाळीच चादर अंथरली आणि चार जुड्या त्याच्यापुढे टाकल्या. म्हटलं, बस.

"वहिनी, दार तरी लाव. गल्ली बघेल."

"बघू दे. दार उघडंच राहणार."

समोरचा चेतन जाता जाता म्हणालाच, "काय लखनभाऊ, आज बाई झालास का?" मी म्हटलं, "तू पण ये, दोन जुड्या शिल्लक आहेत." पळाला. लखनचे कान लाल झाले. तो देठं ठेवत होता आणि पानं टाकत होता! पुन्हा शिकवलं. दोन जुड्यांना त्याला तीन तास लागले. पाठ धरून बसला.

परात भरून मेथी होती, शिजून एक वाटी उरली. लखन कढईत डोकावला.

"एवढीच?"

"एवढीच. तीन तासांची एवढीच होते."

जेवायला गायत्रीला पहिल्यांदा पुरुषांच्या पंगतीत, लखनच्या शेजारी बसवलं. सगळी भाजी तिच्या ताटात वाढली, वर लिंबू पिळलं आणि तव्यावरची भाकरी आणायला वळले. परत येऊन बघते, तर निम्मी भाजी लखनच्या ताटात. बाई म्हणतेय, "तुम्ही सकाळपासून बसलात. दमला असाल." आणि हा घास उचलतोय.

ओ माय! अशी तिडीक गेली डोक्यात! तिला फाडून खायला तोंड उघडलं, आणि आठवलं. नवी होती तेव्हा मीच सांगितलं होतं तिला, "आधी पुरुषांना वाढायचं. भाजी उरली तर आपली. नाही उरली तर भाकरीने कढई पुसून खायची. मी वीस वर्षं तेच केलंय." वर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पोर गुणाची, सांगितलं तसं शिकली. आता शिव्या कुणाला घालू?

लखनच्या हातातला घास काढून घेतला. त्याच्या ताटातली भाजी बोटांनी ओढून तिच्या ताटात टाकली. उष्टी तर उष्टी.

"मी शिकवलं ते चुकलं," म्हटलं. "खाय आता. माझ्यासमोर खाय."

ती रडत होती, पण खात होती. शेवटचं पान संपेपर्यंत मी जागची हलले नाही. लखन खाली मान घालून भाकरी आणि ठेचा खात होता.

एवढ्यात नेहमीच्या वेळेला तांबडी गाय दारात येऊन उभी राहिली. मी देठांची परात तिच्यापुढे ओतली. म्हटलं, बाई, आजपासून तुला एवढंच.