पोटातले जंतू आणि उरलेल्या गोळ्या

"अँटिबायोटिक कोणी दिलं यांना?" डॉक्टर मॅडमनी आयसीयूच्या दारात विचारलं.

"मीच देल्या गोळ्या," मी म्हटलं.

आत माझे मालक होते. त्यांच्या हृदयाची झडप फाटली होती.

त्यांचा ताप उन्हाळ्यात सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी उरलेल्या गोळ्या डब्यात असायच्या. सुनेच्या दाढदुखीच्या, माझ्या खोकल्याच्या. बरं वाटलं की गोळ्या बंद करून ठेवून द्यायच्या, ही माझी सवय. त्यातल्या तीन दिवस दिल्या. ताप गेला, आठवड्याने परत आला. मी परत दिल्या.

"काहून वं, डॉक्टरीण होऊन राहिली का?" ते हसले.

"गिळा गपचूप."

दीड महिना असाच गेला. अंग वाळलं, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा दवाखान्यात नेलं. ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायचे. काहीच वाढलं नाही. माझ्या गोळ्यांनी जंतू दबले होते, मेले नव्हते.

गोळ्यांबद्दल कोणी विचारलंच नाही, असं मी नातेवाइकांना सांगते. खरं म्हणजे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. रागावतील म्हणून मी नाही म्हटलं.

गोळ्या बंद झाल्यावर दुसऱ्या तपासणीत जंतू सापडले. पण त्याच दिवशी झडप फाटली.

"हे जंतू आपल्या आतड्यातच राहतात, आजी," मॅडम म्हणाल्या. "तिथे त्रास देत नाहीत. बाबांच्या आतड्यात गाठ दिसते आहे, तिथून ते रक्तात शिरले असावेत आणि झडपेवर बसले."

या आजाराला एंडोकार्डायटिस म्हणतात. हृदयाचं दुखणं पोटातूनही येतं, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

"आधी कळलं असतं तर?" मी विचारलं.

"तरी झडप वाचलीच असती असं नाही."

मॅडमना माझी दया आली होती.

तुमच्या घरी ताप जाऊन परत येत असेल तर डब्यातली गोळी देऊ नका. आधी रक्त तपासा. दिली असेल तर डॉक्टरला सांगा. रागावतील, रागावू द्या.

ऑपरेशन करून नवी झडप बसवली. दोन दिवस ते शुद्धीवर होते. मी त्यांना सगळं सांगितलं. तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला लागला नाही.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी ते गेले. मी आहे.